होडी निघाली आंबा घाटातून

आत झोपायची, चूल मांडायची सोय असलेली सोळा-सतरा फुटी शिडाची होडी घ्या. वारा कितीही झकास असला तरी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास ती दमते. पाण्यातली लांबीच तिच्या वेगाला वेसण घालते. स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात ती अडकून पडते. तीच होडी ट्रेलरवर बांधून मलकापुरातून काढली, की बाजारपेठ मागे पडल्यावर ताशी पन्नासने पळते. म्हणजे छोट्या होडीच्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान प्रवास डांबरावर होतो! आणि होडी घेणारी मंडळी काय करतात? शिडाचा रंग ठरवायला महिना घालवतात आणि ट्रेलर मात्र ‘असेल तो चालेल’ म्हणून उचलतात.

मलकापूरकराला ही चैन परवडायची नाही. शाहूवाडी तालुक्यातल्या या गावाला समुद्र नाही, पण समुद्राची वाट आहे. कोल्हापूर-रत्नागिरी हा साधारण १३० किलोमीटरचा रस्ता इथून पुढे आंब्याला जातो, घाट उतरतो आणि साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरी गाठतो. मलकापूर हे एके काळी विशाळगड जहागिरीच्या प्रतिनिधींचं ठाणं होतं. त्या काळीही कोकणातल्या खाड्यांत गलबतांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून आंबा, अणुस्कुरा अशा घाटांनी वर यायचा. माल घाट चढायचा, होडी खालीच राहायची. आता होडीनेच घाट चढायचा-उतरायचा म्हटल्यावर भरवसा कुणावर? खालच्या दोन चाकांवर.

जहाजं जमिनीवरून नेणारे महाभाग

हा उद्योग काही आजचा नाही. ग्रीसमध्ये कॉरिंथच्या चिंचोळ्या पट्टीवर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास दगडी फरसबंदीची वाट बांधली होती. तिच्यावरून गाड्यांवर चढवलेली जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढत नेत. तिथला कालवा व्हायला १८९३ साल उजाडलं.

२२ एप्रिल १४५३ रोजी सुलतान दुसऱ्या मेहमेदने कमालच केली. कॉन्स्टँटिनोपलच्या बंदराच्या तोंडाशी साखळी लावलेली. मग पठ्ठ्याने सत्तरच्या आसपास जहाजं चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपलीकडे ओढून नेली आणि थेट बंदराच्या आत सोडली.

पेरूची ‘यावारी’ ही आगबोट तर सुटी होऊन गेली. १८६२ मध्ये इंग्लंडात तयार झालेली ही बोट २,७६६ तुकड्यांत आली. खेचरांच्या पाठीवरून हे तुकडे अँडीज पर्वत चढून ३,८०० मीटरवरच्या टिटिकाका सरोवराकाठी पोचले, तिथे जोडले गेले आणि १८७० मध्ये बोट पाण्यात उतरली. आठ वर्षं! आपल्याकडचं रस्ता चौपदरी करायचं काम आठवून हसू नका.

पण खऱ्या अर्थाने ‘ट्रेलरवरची बोट’ म्हणावी ती १९१५ सालची. ‘मिमी’ आणि ‘तूतू’ या सुमारे चाळीस फुटी दोन मोटरबोटी ब्रिटिश आरमाराने आगगाडीने आफ्रिकेच्या पोटात नेल्या. पुढे वाफेची इंजिनं आणि बैलांच्या लांबच लांब जोड्या जुंपून त्या मितुंबा डोंगर ओलांडून टांगानिका सरोवरावर आणल्या आणि २६ डिसेंबरला जर्मनांची एक बोट पकडलीसुद्धा. लढाई मिनिटांत आटोपली, वाहतुकीला महिने लागले.

गाडीवानाला आधीच ठाऊक असलेलं शास्त्र

ट्रेलर लावताना सगळ्यात महत्त्वाचं काय, हे शाहूवाडीतला कुठलाही जुना गाडीवान सांगेल. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर रुततं. म्हणून ओझं आसाच्या किंचित पुढे. होडीच्या ट्रेलरचंही नेमकं हेच. फरक एवढाच, की उलाळ बैलगाडी जागच्या जागी तक्रार करते. उलाळ ट्रेलर मात्र आधी गप्प असतो आणि वेग वाढल्यावर शेपूट हलवायला लागतो. एकदा ते डोलणं सुरू झालं, की ट्रेलर पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर नाचवतो.

किती वजन पुढे हवं? अमेरिकेतला रिवाज एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांचा, युरोपातला पाच ते सातच्या आसपासचा. ट्रेलरसकट होडी ६०० किलो असेल, तर अमेरिकी हिशेबाने निदान ६० किलो वजन गाडीच्या हुकावर यायला हवं. पण आपली गाडी मागच्या हुकावर किती भार सोसते ते आधी तिच्या पुस्तिकेत पाहायचं. मोजायला यंत्रबिंत लागत नाही. घरातला माणसं तोलायचा काटा सपाट जागी ठेवायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा, ट्रेलरचं नाक हुकाच्या उंचीवर आणून त्यावर टेकवायचं आणि आकडा वाचायचा. कमी भरला तर नांगर आणि मागचं इंजिन उचलून पुढे ठेवा. तरीही नाही जमलं तर होडीच थोडी पुढे घ्या. आस पुढेमागे सरकवता येणारा ट्रेलर मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत, असं माझं स्पष्ट मत.

आणि डोलणं सुरू झालंच तर? ब्रेकवर उभं राहायचं नाही, ॲक्सिलरेटर दाबून पळायचंही नाही. पाय हलकेच उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं.

होडी जाडी का नाही होत?

ट्रेलरवर न्यायच्या होड्या अडीच मीटरच्या आसपास रुंद का असतात? लाटांचा त्याच्याशी संबंध नाही, कायद्याचा आहे. युरोपात रस्त्यावर २.५५ मीटर आणि अमेरिकेत ८ फूट ६ इंच ही रुंदीची सर्वसाधारण मर्यादा. त्यामुळे होडीचा आराखडा करणारा आधी रस्ता मोजतो, मग समुद्र. काही होड्यांत तर तळाशी शिशाऐवजी पाणीच भरतात: समुद्रात टाकी भरली की होडी स्थिर, बाहेर ओढली की पाणी सोडून द्यायचं आणि ट्रेलर हलका.

लहान होडी म्हणजे लहान सफर असंही नाही. १९५७ मध्ये आलेल्या ‘वेफेरर’ जातीच्या होडीची लांबी फक्त ४.८२ मीटर, नुसतं कवच १६९ किलोचं. असल्या उघड्या होडीतून फ्रँक डाय हा इंग्रज १९६३ मध्ये आइसलँडला आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला जाऊन आला.

पण कॅटलॉगातल्या वजनावर जाऊ नका. ते लग्नाआधीचं वजन. डोलकाठी, शिडं, इंजिन, इंधन, नांगर-साखळी, शेगडी, भांडी धरा. शंभर लिटर पिण्याचं पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन. शिवाय आंबा परिसरातला पाऊस! सहा चौरस मीटर उघड्या होडीत १०० मिलिमीटर पाऊस साठला तर ६०० किलो पाणी होतं, आणि आषाढात एका दिवसात शंभर मिलिमीटर हे तिथे काही नवल नाही. होडी ट्रेलरवर असेपर्यंत तळाचं बूच काढलेलं आणि नाळ उंच ठेवायची ती याचसाठी. पाण्यात सोडताना बूच परत लावायचं, हेही लिहून ठेवलेलं बरं. विसरणाऱ्यांचा पंथ जगभर पसरलेला आहे.

आठ दशांश मिलिमीटरची गंमत

ट्रेलर ज्या गोळ्याला अडकवतात तो युरोपात ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण दोन इंची टोपी पन्नासच्या गोळ्यावर बसवली तर सैल राहते आणि खड्ड्यात उडू शकते. उलट केलं तर नीट बसतच नाही. आणि खड्डे आपल्याकडे मागवावे लागत नाहीत. सुरक्षेच्या दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींना छेदून लावायच्या. टोपी निसटलीच तर ट्रेलरचं नाक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतं.

होडी ट्रेलरवर बसवतानाची गफलत ठरलेली. पाण्यात होडीला सगळीकडून सारखा आधार असतो, ट्रेलरवर चार-सहा जागीच. वजन तळाच्या कण्याने घ्यायचं. बाजूचे आधार फक्त कलू न देण्यासाठी. बाजूचे रोलर गच्च आवळले तर फायबरच्या अंगाला खळी पडते. आणि पुढच्या विंचच्या पट्ट्यावर सगळा भरवसा टाकू नये. मागून ट्रेलरच्या सांगाड्याला वेगळा पट्टा हवाच.

घाट उतरताना चाकात काय शिजतं?

ट्रेलरची चाकं लहान असतात, त्यामुळे तेवढंच अंतर कापायला मोटारीच्या चाकांपेक्षा जास्त फेरे घेतात. बेअरिंग तापतं. त्यात आंबा घाटात ब्रेक लावून हब आणखी तापलेले. असं गरम चाक थेट खाडीच्या गार पाण्यात घातलं, की हबमधली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत शोषून घेते. पुढच्या खेपेपर्यंत आत गंजाचा कारखाना. उपाय अगदी मराठी: पोचल्यावर अर्धा तास कोकम सरबत घेत बसा, हबला हात लावून पाहा, चटका बसेनासा झाला की मग पाण्यात. आणि बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

जड ट्रेलरच्या ब्रेकची युक्ती फार देखणी आहे. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिला मागून ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचा ब्रेक लागतो. तार नाही, पेडल नाही. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो. आंबा घाटासाठी मात्र मी त्याहून हलक्यालाही ब्रेक लावून घेईन. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम इथे दुप्पट लागू. वळणावर ट्रेलर आतून कापतो. गाडी कठड्यापासून सुटली म्हणजे ट्रेलर सुटला असं नाही.

ट्रेलरचा टायर झिजून कधी मरत नाही, उभा राहून मरतो. वर्षभर उन्हात एकाच जागी, मग कडेला भेगा. स्टेपनी ट्रेलरची स्वतंत्र हवी, कारण मोटारीची त्याला बसत नाही.

रिव्हर्सची धास्ती असेल तर हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा: ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवा. आखूड ट्रेलर लांबापेक्षा जास्त छळतो, पटकन दुमडतो. कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली मागे घेणारे ट्रॅक्टरवाले आपल्याकडे रग्गड आहेत. एका सकाळची शिकवणी कुठल्याही व्हिडिओपेक्षा भारी.

दोन नंबरांचा ट्रेलर

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन, त्याची स्वतंत्र नोंदणी. कलम ६१ ची गंमत अशी, की ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर लिहायचा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसायला हवा. आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरने मस्त वेल्डिंग करून दिलं म्हणून नोंदणी होत नाही, मंजूर नमुन्याचाच ट्रेलर लागतो. उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या जिल्ह्यात हे सांगणं धाडसाचंच!

पावसाळ्यात हा सगळा खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, तेव्हा कोकणातल्या नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या दिसतात. इकडे वर उलटा प्रकार. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीचा रेडे डोह फुटला की कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच पाणी येतं आणि चिखली-आंबेवाडी गावांत बोटी फिरू लागतात. एनडीआरएफच्या त्या रबरी बोटींना ट्रेलरची गरज नसते. हवा काढायची, घडी करायची, ट्रकमध्ये टाकायची.

निघायचं कधी?

हे पंचांगाला विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वा अकरा. होडी सोडायची ती चढत्या पाण्यात. ट्रेलर वाळूत रुतला आणि होडी अडकली तरी वाढतं पाणीच तिला उचलतं. ओहोटीत अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत किनाऱ्यावरची पोरं तुमचे फोटो काढत बसतात.

तेव्हा चतुर्थीला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत दीड वाजता होडी सोडायची असेल, तर ट्रेलरसह घाटाचे तीन तास आणि हब थंड व्हायचा अर्धा तास धरून मलकापूर दहाच्या आत सोडा. अष्टमीला भांगाची भरती, पाणी तसंही कमी चढतं, पण वेळ सोयीची: साडेचारला होडी पाण्यात, म्हणजे दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून एकला निघालात तरी चालतंय की!