विद्यार्थ्याची पहिली चारचाकी

कॉलेजला रोज ये-जा करण्यासाठी गाडी घ्यायची, तर दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. गाडी दारात आणायला किती पैसे लागतील, हा पहिला. ती रोज दारातून बाहेर काढायला किती लागतील, हा दुसरा. घरोघरी चर्चा होते ती पहिल्याची. विद्यार्थ्याला जड जातो तो दुसरा, कारण तो दर महिन्याला येतो आणि परीक्षेच्या फीसाठी थांबत नाही.

सासवडहून दिवे घाट उतरून हडपसरमार्गे पुण्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर आणि महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १,४४० किलोमीटर. घाट आणि हडपसरची गर्दी धरून छोट्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज लिटरला १६ मानले तर ९० लिटर पेट्रोल लागते. १०५ रुपयांच्या भावाने महिन्याला ९,४५० रुपये झाले. तीच गाडी सीएनजीवर किलोला २४ किलोमीटर चालली, तर ६० किलो गॅस आणि ९० रुपयांच्या भावाने ५,४०० रुपये. यात सर्व्हिसिंग, विमा, पार्किंग आणि झिजणारे टायर आलेले नाहीत. त्यांच्यासाठी महिन्याला आणखी दोन-अडीच हजार बाजूला ठेवावेच लागतात.

या आकड्यांशेजारी एसटीचा पास ठेवून पाहणे योग्य. विद्यार्थ्याला मासिक पासावर दोन तृतीयांश सवलत मिळते, तर मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. ज्याच्या घरापासून कॉलेजपर्यंत सरळ बस आहे आणि तासिका दुपारी संपतात, त्याला गाडीची निकड नाही. प्रॅक्टिकल संध्याकाळी सातला संपणारे, दोन-तीन बस बदलायला लावणारे, शेवटची गाडी चुकली की रस्त्यावर ताटकळत ठेवणारे कॉलेज असेल, तर गाडीचा विचार रास्त ठरतो. तीन-चार मित्र एकत्र येऊन पेट्रोलचे पैसे वाटून घेत असतील, तर वरचा मासिक आकडा बराच खाली येतो. मात्र सोबत्यांकडून भाडे आकारायला सुरुवात केली की खासगी गाडीच्या विम्याची अट मोडते, आणि अपघात झाल्यास कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.

मग प्रश्न येतो नवी की सेकंडहँड. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. अल्टो के१० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ७० हजारांपर्यंत उतरली. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा ११ टक्के एकरकमी कर आणि विमा जोडला की ती रस्त्यावर येईपर्यंत चार लाखांच्या वर जाते. या कपातीमुळे जुन्या गाडीच्या भावात घासाघीस करायला जागा झाली आहे. दोन-तीन वर्षांची छोटी गाडी नवीपेक्षा थोड्याच पैशांनी स्वस्त पडत असेल, तर नवी घेणे शहाणपणाचे. तेवढे पैसे हातात नसतील, तर पाच-सहा वर्षांची, एकाच मालकाची गाडी हा पर्याय. नव्याने चालवायला शिकलेल्याच्या हातून पहिल्या वर्षी बंपर घासतो, आरसा खांबाला लागतो. जुन्या गाडीवर हे ओरखडे पचून जातात.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक तारीख पाठ असावी: १ जुलै २०१९. त्या दिवसापासून बनणाऱ्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना, वेग ८० च्या पुढे गेला की मिळणारा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सक्तीची आहे. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग जुन्या मॉडेलनाही २०२१ च्या अखेरीपासून बंधनकारक झाली. या तारखा गाडी बनण्याच्या आहेत, पासिंगच्या नाहीत. मे २०१९ मध्ये बनलेली आणि सप्टेंबरमध्ये पासिंग झालेली गाडी '२०१९ ची' म्हणूनच विकली जाते, पण तिच्यात एअरबॅग नसू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. वाचायचे ते तेच.

हा मुद्दा किमतीच्या आधी यायला हवा, कारण नवशिका चालक महामार्गावर आणि घाटात उतरणार आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. सांगाडा मजबूत असलेल्या पोलोची दोन एअरबॅगची आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे पडले. एअरबॅगने फरक पडतो, पण सांगाडा टिकला तरच. स्विफ्टला २०१८ मध्ये दोन एअरबॅग असूनही दोनच तारे मिळाले होते, तर २०२० च्या चाचणीत टियागोने चार मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू झाली. आवडलेल्या मॉडेलचा निकाल वर्ष आणि आवृत्तीसह शोधायला दहा मिनिटे पुरतात. म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हील पाहण्यात याहून जास्त वेळ जातो.

इंधनाच्या निवडीत सीएनजीचा फायदा वरच्या हिशेबात दिसलाच. अडचण अशी की सिलिंडर डिकी व्यापतो, पंपावर रांग लागते, आणि चढावर गाडी पेट्रोलपेक्षा मंद ओढते. दिवे घाटात चार माणसे बसवून एसी लावला की हे लगेच जाणवते. किट कंपनी फिटेड असावे. बाहेरून बसवलेले असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झालेली आहे का, हे त्याच्यावरच्या तारखेवरून आणि प्रमाणपत्रावरून पाहता येते. डिझेलचा मोह टाळलेला बरा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या छोट्या डिझेल गाड्या आता वयस्क आहेत. टर्बो किंवा इंजेक्टरचे एक काम निघाले, तर विद्यार्थ्याचे सहा महिन्यांचे बजेट त्यात जाते. पेट्रोल गाडीच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते एवढेच, की २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ॲव्हरेज थोडे घटते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाचा विचार करून घडवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचे रबरी होज आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.

स्वस्तात मिळणाऱ्या काही गाड्या मागाहून महाग पडतात. शेवरलेने २०१७ अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन आवरते घेतले, दॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. यांतल्या काही गाड्या चालवायला फार चांगल्या आहेत आणि म्हणूनच कमी भावात त्या डोळ्यांत भरतात. पण एखाद्या सेन्सरसाठी आठ दिवस गाडी गॅरेजात उभी राहिली, तर आठ दिवस कॉलेजला जायचे कसे? ज्या गाडीचा भाग तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो, ती विद्यार्थ्याची गाडी. वॅगनआर, अल्टो, स्विफ्ट, आय१०, टियागो ही नावे पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्याचे मोठे कारण हेच. दिल्ली पासिंगच्या गाड्यांचेही तसेच. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी बंधने आली, म्हणून त्या कमी भावात बाहेरच्या राज्यांत येतात. इथे वापरायच्या तर मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर, असे सगळे करावे लागते. भावातला फरक बहुधा त्यातच संपतो. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी पन्नास हजारांत मिळाली, तरी हा खर्च तिच्या मागोमाग येतोच.

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असे मालकाला सांगून ठेवावे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचलते का, धूर कोणत्या रंगाचा, हे तेव्हाच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी. बोनेट उघडून फेंडर आणि बिजागऱ्यांचे बोल्ट निरखावेत. पान्याच्या खुणा असतील, रंग उडालेला असेल, तर तो भाग कधीतरी काढला गेला आहे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह आणि उत्पादनाच्या वर्षाची खूण असते. एका काचेचे वर्ष वेगळे निघाले, तर ती का बदलली, हे विचारायचे. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल दिसली, तरी सहा वर्षांपुढचा टायर बदलण्याच्या यादीत धरावा आणि चार टायरांचे पंधरा हजारांच्या घरातले पैसे किमतीतून वजा करून मागावेत.

पुरात बुडालेल्या गाडीची तपासणी महाराष्ट्रात तरी वेगळी करायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे घालून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला की आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. पायाखालचे मॅटिंग उचलून, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डच्या खालच्या पोलादी पट्टीवर गंज आहे का ते पाहावे. स्टेपनीच्या खळग्यातली माती सहसा कोणी साफ करत नाही. वायरिंग एकदा भिजले की बिघाड वर्षानुवर्षे डोके वर काढतात, म्हणून अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडावी.

रनिंगचा आकडा सहज मागे फिरवता येतो. पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेले आणि मीटरवर मात्र ३० हजार, हे जुळत नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसिंगच्या नोंदी निघतात. मालक सोबत असेल, तर त्या मिळायला अडचण येत नाही. टेस्ट ड्राइव्ह कॉलनीत एक चक्कर मारून उरकू नये. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. शेवटी विश्वासातल्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये वाया गेले असे वाटू देऊ नये, गाडी नाकारली तरीही.

कर्ज काढायचे झाल्यास ते बहुधा आई-वडिलांच्या नावावरच निघते, कारण विद्यार्थ्याला उत्पन्न नसते. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो, आणि तो 'फ्लॅट', म्हणजे मुदतभर मूळ रकमेवरच मोजलेला, सांगितला की स्वस्त भासतो. २ लाख रुपये ३ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज ६० हजार आणि हप्ता ७,२२२ रुपये. घटत्या शिलकीवर मोजले, तर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. हा हप्ता आणि वरचे पेट्रोल मिळून महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर खर्च होतो. त्यामुळे हातात असलेल्या रकमेपैकी पाऊण भागातच गाडी बसवावी. उरलेला पाव भाग विमा, टायर, बॅटरी आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगसाठी लागतोच.

व्यवहार ठरला की टोकन देण्याआधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा पाहावा. थकलेली ई-चलानेही पाहून घ्यावीत. बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर कोऱ्या सह्या देऊन गाडी हातोहात फिरवण्याची सवय बाजारात आहे, ती विकणाऱ्यालाही घातक. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच मालक म्हणून भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा. तोवर थर्ड पार्टीचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याचकडे राहतो, त्यामुळे पहिल्या वर्षी फुल इन्शुरन्सचा हप्ता विकणाऱ्याने सांगितल्यापेक्षा जास्त येतो. १,००० सीसीपर्यंतच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीचा २०२२ मध्ये ठरलेला मूळ दर वर्षाला २,०९४ रुपये आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, ते पाहावे. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्यावा आणि नवा आपल्या नावावर घ्यावा, नाहीतर नव्या मालकाच्या फेऱ्यांचा टोल जुन्याच्या खात्यातून कापला जात राहतो.