ढेकणांची गोळी आणि चाळीस लाखांचा दंड

ठाण्यात पेस्ट कंट्रोलचा माझा छोटा धंदा आहे. दोन पोरं, तीन पंप, एक स्कूटर. २०२० मध्ये संसदेत आलेल्या कीटकनाशक व्यवस्थापन विधेयकाबद्दल बोलताना मला आधी ढेकणांबद्दल बोलावं लागतं.

ढेकूण एका फवारणीत जात नाहीत. अंडी तगतात, म्हणून पुन्हा यावं लागतं. गिऱ्हाइकाला एवढा धीर नसतो. मग कुणीतरी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या आणून देतं. ही गोळी मुळात धान्याच्या गोदामासाठी. तीन ग्रॅमच्या गोळीला हवेतली ओल लागली की सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन सुटतो. या वायूवर उतारा नाही. लोक गोळ्या ठेवून, घर बंद करून गावी जातात. वायू फटींतून, पाइपांच्या भोकांतून शेजारच्यांच्या उशाशी पोचतो. लसणासारखा वास येतो, पण झोपलेल्याला तो कळेलच असं नाही.

कायदा आजही ढिला नाही. या गोळीच्या कामाच्या परवान्यासाठी रसायनशास्त्र घेतलेली विज्ञानाची किंवा शेतकीची पदवी लागते, वर किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. दहा-वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर बंदीच आहे. तरी गोळ्या सुट्या मिळतात!

१९५८ मध्ये केरळात आणि मद्रासकडे पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या अन्नानं शंभरावर माणसं दगावली, त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. तो बदलायचा एक प्रयत्न २००८ मध्ये झाला, दुसरा २०२० मध्ये. दुसऱ्या विधेयकात विनापरवाना पेस्ट कंट्रोल केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ४० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझं दुकान विकलं तरी एवढे उभे राहायचे नाहीत, पण त्याबद्दल माझी कुरकूर नाही. परवाना काढायला घाम गाळलाय. पाटी लावून बसलेल्या भुरट्यांना धाक हवाच.

खटकतं ते वेगळंच. स्वतःच्या घरात औषध वापरणाऱ्याला १९६८ च्या कायद्यानं सूट दिली, विधेयकानंही ती ठेवली. झुरळाच्या स्प्रेपुरती ती रास्त आहे. पण फॉस्फीन ‘स्वतःच्या घरात’ थांबत नाही. घरमालकांना तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. गिऱ्हाइकंच ती माझी. धुरी देणारी रसायनं तेवढी त्या सवलतीतून वगळा, आणि सुटी गोळी विकणाऱ्याच्या दुकानावर आधी धाड घाला.