मॉड मॅनेजर बदलताय? आधी सामान मोजा!

दोनशे तासांची सेव्ह, शंभर-दीडशे मॉड्स आणि डोक्यात एकच खूळ, ‘आता मॅनेजरच बदलून टाकू!’ जरूर बदला. पण नेमकं काय हलवताय, ते आधी बघा.

स्कायरिम सुरू केलात. काळा पडदा, धूर, मेन्यू, सगळं नीट. जुनी सेव्ह लोड केलीत आणि गेम गुपचूप बंद. ना एरर, ना मेसेज. समोर थेट डेस्कटॉप. कालपर्यंत तर मस्त चालत होता. मध्ये फक्त तीन नवे मॉड टाकले होते. त्यातला नेमका कुठला नडला?

मित्राला विचारावं तर त्याचं उत्तर ठरलेलं, ‘अजून व्होर्टेक्सवरच आहेस? एमओटू घे!’ दुसरा मित्र बरोब्बर उलटं सांगतो. मग रात्री बारा वाजता तुम्ही जुना मॅनेजर उडवता, नवा टाकता आणि सकाळी कळतं, आधीचा घोळ तसाच आहे, वर एक नवीन आलाय.

मॅनेजर बदलण्यात वाईट काहीच नाही. पण ते रूम बदलण्यासारखं असतं. टेम्पो बोलावणं हे सगळ्यात सोपं काम. सामान काय आहे आणि त्यातलं आपलं किती, हे माहीत नसलं की पंचाईत होते.

मॅनेजर लागतो कशाला?

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉड म्हणजे तयार गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेला बदल. नवं शस्त्र, नवं गाव, सुधारलेला मेन्यू, काहीही. याला रिकामटेकड्यांचा उद्योग समजू नका. १९९९ मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक मुळात हाफ-लाइफचा मॉड होता. डोटा हा वॉरक्राफ्ट थ्रीचा मॉड. पब्जीमागचा ब्रेंडन ग्रीन त्याआधी आर्मा टू या गेमसाठी बॅटल रोयाल मॉड बनवत होता. म्हणजे आपल्याकडच्या हॉस्टेलांनी ज्या गेमपायी रात्री जागवल्या, त्याची मुळंही मॉडमध्येच आहेत.

बेथेस्डाचा स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि आजही त्याच्यासाठी नवे मॉड निघतात. अडचण सुरू होते ती दोन मॉड एकाच फाइलवर हक्क सांगतात तेव्हा. एका मॉडने रस्त्यांचे दगड बदलले, दुसऱ्याने अख्ख्या शहराचा चेहरामोहरा बदलला, तर रस्त्याच्या दगडाची फाइल दोघांकडेही असते, त्याच नावाची. गेमला एकच फाइल दिसणार. मग जिंकणार कोण? हे ठरवणं आणि लक्षात ठेवणं, हे मॅनेजरचं खरं काम. ‘एका क्लिकवर इन्स्टॉल’ ही वरची सोय.

भांडणाऱ्या दोघांचा बाप एकच

व्होर्टेक्स की मॉड ऑर्गनायझर टू, म्हणजेच एमओटू? यावर लोक आयपीएलच्या टीमसारखे भांडतात. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकाच माणसाकडे जातं. टॅनिन या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या डेव्हलपरने मॉड ऑर्गनायझर बनवला. नंतर नेक्सस मॉड्सने त्यालाच कामावर घेतलं आणि त्याच्या हाताखाली व्होर्टेक्स तयार झाला. एमओटू पुढे स्वयंसेवकांनी सांभाळला.

दोघांची काम करण्याची पद्धत मात्र पार वेगळी आहे, आणि बदलताना तीच समजून घ्यायची असते.

व्होर्टेक्स तुमचे मॉड एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि ‘डिप्लॉय’ केलं की गेमच्या फोल्डरमध्ये त्यांच्या हार्डलिंक टाकतो. हार्डलिंक म्हणजे डिस्कवर फाइल एकच, नावं दोन. घरी बंड्या, कॉलेजात प्रथमेश, पोरगा एकच! त्यामुळे जागा दुप्पट लागत नाही, पण मॉडचं फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर असावे लागतात. कोण जिंकणार हे तुम्ही नियमांनी सांगता. ‘हा मॉड त्याच्यानंतर’, एवढंच.

एमओटू गेमच्या फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो आणि गेम सुरू होताना एमओटू त्याला भासवतो की या सगळ्या फाइल्स तिथेच आहेत. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसं. पेपर उचलला की खालचं चित्र जसंच्या तसं. इथे डावीकडे मॉडची क्रमवार यादी असते. खालचा मॉड वरच्याला हरवतो आणि कोण कुणावर चढलाय हे विजेच्या छोट्या चिन्हांनी दिसतं.

यातला चांगला कोणता? थोडेच मॉड असतील आणि फार डोकं घालायचं नसेल, तर व्होर्टेक्स पुरतो. सतत खुडबूड करायची असेल, वेगवेगळे प्रोफाइल ठेवायचे असतील, कुठली फाइल कुणाची हे बघायचं असेल, तर एमओटू सोयीचा. आणि आहे तो मॅनेजर नीट चालत असेल, तर मित्र काहीही म्हणो, बदलायचं काही कारण नाही.

बदलायची खरी कारणं वेगळी असतात. एक, टूलचं काम थांबतं. नेक्ससचा जुना नेक्सस मॉड मॅनेजर असाच मागे पडला. दुसरं, चालवणाऱ्यांवरचा विश्वास उडतो. माइनक्राफ्टवाल्यांनी हे अनुभवलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये पॉलीएमसी या लाँचरच्या मालकाने बाकीच्या साथीदारांना प्रोजेक्टमधून बाहेर काढलं. त्या मंडळींनी त्याच कोडवरून प्रिझम लाँचर उभा केला आणि खूप खेळाडू तिकडे गेले. विश्वासाची गोष्ट निघालीच आहे तर हेही ऐका. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉड्समधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा मालवेअर पसरला होता. म्हणून नवा मॅनेजर त्याच्या अधिकृत पानावरूनच घ्या. कुणाच्या तरी ड्राइव्ह लिंकवरून नको.

सेव्हला मॅनेजर माहीतच नसतो

सगळ्यात मोठी भीती असते सेव्हची. दोनशे तास पाण्यात गेले तर? इथे एक गोष्ट कळली की निम्मं टेन्शन जातं. सेव्ह फाइलला तुमचा मॅनेजर कोण हे माहीतच नसतं. तिच्यात प्लगिन्सची नावं असतात आणि मॉडच्या स्क्रिप्ट्सनी मागे ठेवलेली माहिती असते. तेच मॉड, त्याच आवृत्त्या, तोच क्रम आणि तेच पर्याय नव्या मॅनेजरमध्ये उभे केले, तर जुनी सेव्ह चालायला हवी.

आता ‘तेच पर्याय’ हे शब्द पुन्हा वाचा. घोळ होतो तो इथेच. अनेक मॉड इन्स्टॉल होताना एक खिडकी उघडून प्रश्न विचारतात. टेक्स्चर २के हवं की ४के? अमुक मॉडसाठी पॅच टाकू का? वर्षभरापूर्वी तुम्ही तिथे काय निवडलं होतं, आठवतंय? झिप फाइल परत मिळेल, तुमची उत्तरं मिळणार नाहीत. आणि शिफ्टिंगच्या नादात ‘हे चार मॉड नकोतच आता’ म्हणून काढून टाकले, तर तिथेही सेव्ह बिघडू शकते. चालू सेव्हमधून मॉड काढणं हे मॅनेजर बदलण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. साफसफाई करायचीच असेल, तर ती नव्या गेमसाठी राखून ठेवा.

झिपचंही गृहीत धरू नका. जुलै २०२१ मध्ये नेक्ससने जाहीर केलं की यापुढे लेखकांनी काढलेल्या फाइल्स कायमच्या पुसल्या न जाता अर्काइव्हमध्ये राहतील. नियम लागू होण्याआधी लेखकांना आपल्या फाइल्स काढून घ्यायला मुदत दिली होती आणि काहींनी त्या काढूनही घेतल्या. तशातली एखादी फाइल तुमच्या डिस्कवर असेल, तर ती आता सोनं आहे. शिवाय मोफत खात्यावर डाउनलोडचा वेग मर्यादित असतो. हॉस्टेलच्या वायफायवर साठ जीबी पुन्हा उतरवायचे म्हणजे आठवडा गेलाच.

आता हलवा!

व्होर्टेक्सवरून एमओटूवर जायचं ठरलंच असेल, तर या क्रमाने जा. परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, सुट्टीच्या दिवशी.

१. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमधून स्कायरिमचं फोल्डर उचला आणि त्याची कॉपी दुसरीकडे ठेवा. त्यातच तुमच्या सेव्ह आहेत.

२. व्होर्टेक्समधली मॉडची यादी, त्यांच्या आवृत्त्या, नियम आणि प्लगिन्सचा क्रम यांचे स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टॉल करताना दिलेली उत्तरं आठवतील तेवढी लिहून काढा.

३. व्होर्टेक्समध्ये ‘पर्ज’ दाबा. गेमच्या फोल्डरमधल्या सगळ्या लिंक निघतात, तुमचे मॉड मात्र शाबूत राहतात. व्होर्टेक्स लगेच अनइन्स्टॉल करू नका.

४. आता गेमचं डेटा फोल्डर उघडून बघा. हाताने टाकलेली एखादी फाइल तिथे उरली असेल, तर ती बाजूला काढा. स्टीमचं ‘फाइल्स तपासा’ बटण हरवलेल्या फाइल्स परत आणतं, जास्तीच्या काढत नाही. आणि गेमची जुनी आवृत्ती मुद्दाम ठेवली असेल, तर ते बटण दाबूच नका. गेम नव्या आवृत्तीवर गेला, की तुमच्या आवृत्तीसाठीचा स्क्रिप्ट एक्स्टेंडर चालेनासा होतो.

५. एमओटू प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा गेमच्या फोल्डरमध्ये टाकू नका, स्वतंत्र फोल्डर करा. व्होर्टेक्सच्या डाउनलोड फोल्डरमधल्या झिप एमओटूच्या डाउनलोड फोल्डरमध्ये कॉपी करा आणि एकेक करून इन्स्टॉल करा. दर दहा-पंधरा मॉडनंतर गेम नुसता मेन्यूपर्यंत चालवून बघा. जुनी सेव्ह मात्र सगळे मॉड बसल्यावरच उघडा.

६. गेम यापुढे एमओटूमधूनच सुरू करायचा, स्क्रिप्ट एक्स्टेंडरसुद्धा. स्टीमवरून थेट उघडलात तर एकही मॉड दिसणार नाही आणि तुमचा जीव उगाच वरखाली होईल. सेव्ह गायब झाल्यासारख्या वाटल्या, तर प्रोफाइलची ‘वेगळ्या सेव्ह’ ही सेटिंग तपासा. ती चालू असेल, तर जुन्या सेव्ह डॉक्युमेंट्समध्येच बसलेल्या असतात.

हे सगळं करताना एक गंमत होते. यादी लिहिता लिहिता तुम्हाला कळतं की दीडशेपैकी तीस मॉड नेमकं काय करतात, हेच आपल्याला ठाऊक नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून टाकले होते. दोन मॉड एकच काम करतात आणि गेले सहा महिने एकमेकांच्या पायात पाय घालतायत. गेम बंद पडायचं कारण कदाचित तिथेच सापडेल, मॅनेजर बदलायच्या आधीच.

तसं झालं तर टेम्पो परत पाठवा. रूम काही वाईट नव्हती, फक्त आवरायची राहिली होती. आणि नाहीच सापडलं, तर हातात यादी आहे, सेव्हची कॉपी आहे. या वेळी नव्या मॅनेजरमध्ये काय कुठे ठेवलंय आणि का, हे तुम्हाला माहीत असेल. पुढच्या वेळी गेम डेस्कटॉपवर आपटला, की मित्राला फोन करायच्या आधी ती यादी उघडा.