गावचा पैसा, गावचा हिशेब

श्रोतेहो, पोरगं दुकानातून साखर घेऊन आलं की आई विचारते, 'किती आणलीस? काय भावानं? आणि उरलेले पैसे कुठं आहेत?' यात पोरावर अविश्वास नसतो. घर चालवायची ती रीतच असते. पण दारापुढचा सरकारी रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला, तर आपण 'चालायचंच' म्हणून गप्प बसतो. असं का व्हावं? साध्या साबणाच्या वडीवरही आपण कर भरतो. म्हणजे पैसा आपला. सरकार त्याचं विश्वस्त.

हा हिशेब तपासायची सोय आपल्या राज्यघटनेतच आहे. महालेखापरीक्षक राज्याचा खर्च तपासतात, त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढं येतो आणि लोकलेखा समिती खात्यांना जाब विचारते. पण ही तपासणी होते खर्च झाल्यावर, आणि प्रत्येक गावची प्रत्येक मोरी काही तिच्या नजरेखालून जात नाही. ती नजर गावकऱ्यांचीच हवी.

हे राजस्थानातल्या गरीब मजुरांनी दाखवून दिलं. डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली 'जनसुनावणी' भरवली. सरकारी कामांची कागदपत्रं भर सभेत वाचली गेली. कागद काय म्हणतो आणि खरं काय घडलं, हे ज्यांच्या डोळ्यांदेखत घडलं त्यांनीच सांगितलं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा देशभर गेली. इकडे महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांनी चळवळ केली, आणि 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाला मिळाला.

या कायद्यानं काय करता येतं? दहा रुपये शुल्क भरून साध्या कागदावर अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, हजेरीपट आणि बिलं यांच्या नकला मागायच्या. प्रत्यक्ष काम पाहता येतं, वापरलेल्या मालाचा नमुनासुद्धा घेता येतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, आणि तिथंही दाद लागली नाही तर माहिती आयोग.

शिक्षकबंधूंनो, इथं तुमची गरज आहे. कागदावर रस्ता 500 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि खडीचा थर 15 सेंटिमीटर असेल, तर खडी 225 घनमीटर हवी. हे घनफळाचं गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्या आणि मग टेप घेऊन त्यांना रस्त्यावर न्या. गणितही पक्कं होईल आणि नागरिकशास्त्रही.

एक पथ्य मात्र पाळावं. हिशेब मागायचा तो कुणाला खाली पाडण्यासाठी नव्हे. मोजमाप बरोबर निघालं, तर ग्रामसभेत तेही मोकळेपणानं सांगावं. प्रामाणिक माणसाला त्याचा आधारच वाटेल. चुकलं असेल, तर कागद पुढं ठेवून विचारावं. एकट्यादुकट्यानं विचारलं तर ते भांडण ठरतं. साऱ्या गावानं विचारलं की त्याचं उत्तर द्यावं लागतं. नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे आहेच!