पुडी घ्या, पण बाटली वाचा : बोअरचं पाणी, कोंडा आणि केसगळती

आजचा भाग केसांचा. शिरूर असो की दौंड, आपल्याकडं प्रश्न एकच असतो : "बोअरच्या पाण्यानं केस गळायला लागलेत, कुठला शाम्पू वापरू?" माझं म्हणणं असं, की या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत. ते आधी सुटे करू, म्हणजे पैसे वाचतील.

पहिला प्रश्न : राठ केस

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. बादलीवर पांढरा थर बसतो तो याचाच. तसाच थर केसांवरही बसतो. मग केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात.

आता इथं नीट ऐका. तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. कंगव्यातला केस उचलून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळापासून आलाय. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल, तर तो मध्येच तुटलाय. जड पाणी केस बाहेरून खराब करतं, म्हणजे तुटणाऱ्या केसांचा दोष बहुतेक वेळा पाण्याकडं जातो.

उपाय काय? अंगाचा साबण डोक्याला लावू नका, जड पाण्यात त्याची चिकट साय बसते. शाम्पूच्या घटकांत 'डायसोडियम ईडीटीए' असेल तर चांगलं, ते क्षारांना धरून ठेवतं. शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. आणि कंडिशनर वापरा. कंडिशनर ही चैन नाही, जड पाण्याच्या गावात तर त्याची जास्तच गरज. सीटिल अल्कोहोल, बेहेंट्रायमोनियम क्लोराईड, डायमेथिकोन यांपैकी एखाद-दोन नावं दिसली की काम होतं. 'अल्कोहोल' वाचून घाबरू नका, हे मेणासारखं असतं, केस मऊ करतं. कंडिशनर टाळूला लावायचं नाही. कानाच्या खाली, केसांच्या लांबीला लावा, दोन मिनिटं थांबा आणि धुवा.

दुसरा प्रश्न : कोंडा

कोंडा म्हणजे डोकं अस्वच्छ असं नाही. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि टाळूच्या तेलावर जगते. ती वाढली की खाज सुटते, पापुद्रे पडतात. म्हणून कोंड्यावर तेल थापणं म्हणजे तिला जेवण वाढणं. हेल्मेट घालून रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांनी घाम आलेलं डोकं दोन-तीन दिवसांआड धुतलं पाहिजे.

साध्या कोंड्याला झिंक पायरिथिऑन किंवा पिरोक्टोन ओलामाईनचा शाम्पू चालतो. जास्त असेल तर मेडिकलमध्ये २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, साधारण चार आठवडे. लावून पाच मिनिटं ठेवायचा. लगेच धुतला तर औषधाला वेळच मिळत नाही.

तिसरा प्रश्न : खरी केसगळती

रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. जोराचा ताप, बाळंतपण किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात. तिथं शाम्पू बदलून फरक पडत नाही, कारण शाम्पूचं काम धुण्याचं.

जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडू लागलं. आधी संशय पाण्यावर गेला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत तिथल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे शोध न्हाणीत चालू होता आणि धागा निघाला ताटात. म्हणून केस अचानक झुपक्यानं जात असतील किंवा चाई पडली असेल, तर नवी बाटली आणू नका. शिरूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

आता पैशाचं

१९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरमधून 'चिक' शाम्पू पुडीतून विकायला सुरुवात झाली. अशा पुड्यांनीच शाम्पू गावोगावच्या किराणा दुकानात आणला. पुडीला कमी समजू नका, फक्त हिशोब करा. समजा २ रुपयांच्या पुडीत ६ मिली आहे, तर एक मिली ३३ पैशांना पडला. १८० मिलीची बाटली १२० रुपयांना असेल, तर ६७ पैशांना. म्हणजे इथं पुडीच स्वस्त!

एक अडचण आहे. ६० मिलीपेक्षा लहान पॅकवर घटकांची यादी छापणं कायद्यानं बंधनकारक नाही. मग काय करायचं? दुकानात त्याच शाम्पूची मोठी बाटली असते. तिच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा, मोठा करून वाचा आणि पुडी घ्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुना स्टॉक असेल तर छापील किंमत तपासा.

पैसे कमी असतील तर माझा क्रम असा : साधा शाम्पू पुडीतला, कंडिशनर पुडीतलं आणि कोंडा असेल तरच औषधी शाम्पू. 'कांदा', 'केराटिन' असल्या मोठ्या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नका.

कंगव्यातला केस आज बघा आणि ठिपका होता की नव्हता ते कळवा. भेटू पुढच्या भागात!