ऑर्गन : ओरिजिनल की रिमिक्स?

आवडत्या गाण्याचा रिमिक्स आला की लगेच दोन पार्ट्या पडतात. 'ओरिजिनल ते ओरिजिनलच' म्हणणारी एक, आणि 'काळाबरोबर चला यार' म्हणणारी दुसरी. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये हाच वाद रंगला, तोही चर्चमधल्या पाइप ऑर्गनवरून!

तिथल्या फ्राउएनकिर्शे या चर्चसाठी गॉटफ्रीड सिल्बरमान या नामांकित कारागिराने १७३६ मध्ये ऑर्गन बांधला. तीन कीबोर्ड, ४३ स्टॉप. स्टॉप म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्यांचे संच. त्याच वर्षी १ डिसेंबरला खुद्द योहान सेबास्टियन बाख यांनी तो वाजवला. पुढे दोनशे वर्षांत त्यात बरेच बदल झाले. मग फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी शहर जाळलं. सुमारे २५ हजार माणसं गेली, चर्च कोसळलं, ऑर्गनही संपला.

जवळजवळ पन्नास वर्षं तिथे नुसता ढिगारा होता. १९९४ मध्ये बांधकाम सुरू झालं. जुने काळवंडलेले दगड नव्यात बसवून चर्च पुन्हा उभं राहिलं आणि ३० ऑक्टोबर २००५ ला खुलं झालं. पण ऑर्गनचं काय?

एक गट म्हणाला, इमारत जुन्यासारखी, मग ऑर्गनही हुबेहूब सिल्बरमानचाच हवा. दुसऱ्यांचं म्हणणं, नंतरच्या दोन शतकांतलं संगीत मग वाजवायचं कशावर?

अखेर काम मिळालं स्ट्रासबुर्गच्या डॅनिएल केर्न यांना. गंमत म्हणजे सिल्बरमान हे काम शिकला तेही स्ट्रासबुर्गलाच, थोरल्या भावाकडे! केर्न यांनी सिल्बरमानच्या यादीतले स्टॉप घेतले आणि वर चौथा कीबोर्ड जोडला, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वळणाचा. बाहेरून रूप जुनं, आत ४,८०० हून जास्त नळ्या.

तडजोड? असेल. पण हुबेहूब कॉपी केली, तरी बाख यांची बोटं जिच्यावर फिरली ती पट्टी थोडीच परत येणार होती? गेलेली वस्तू गेली, हे मान्य करायलाही हिंमत लागते.

आणि अस्सल सिल्बरमानच ऐकायचाय? मग थोडं चाला. जवळच्या होफकिर्शेत त्याचा शेवटचा ऑर्गन आहे. बॉम्ब पडण्याआधी, १९४४ मध्येच कुणीतरी शहाणपणाने त्याच्या नळ्या काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. तो आजही वाजतो.