डोमेन नामाची पूर्वमागणी

आंतरजालावरील एखादे डोमेन नाम दुसऱ्याच्या नावे नोंदलेले असताना, ते मोकळे होताच आपणास मिळावे म्हणून मध्यस्थ कंपनीकडे आगाऊ नोंदविलेली मागणी. व्यवहारात तिला ‘बॅकऑर्डर’ म्हणतात. डोमेन नाम म्हणजे संकेतस्थळाचा व ई-मेलचा अक्षरी पत्ता. अशा नामावरून संगणकाचा अंकरूप पत्ता शोधून देणारी विकेंद्रित प्रणाली पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘.कॉम’ वर्गातील पहिले नाम १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले.

डोमेन नाम कायमचे विकत मिळत नाही. तलावातील मासेमारीच्या ठेक्याप्रमाणे ते मुदतीने मिळते. ‘.कॉम’ वर्गात ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना व एक आठवडा, तसेच संपल्यानंतर पाच दिवसांच्या आत धारकास सूचना देण्याचे बंधन नोंदणी कंपन्यांवर २०१३ पासून आहे. मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी ते नाम ४५ दिवसांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकते. या काळात नूतनीकरण करता येते, मात्र त्याची सवलत कंपनीपरत्वे कमीजास्त असते. कंपनीने नाम रद्द केल्यास पुढील ३० दिवस ते जादा शुल्क भरून केवळ मूळ धारकासच परत मिळविता येते. त्यानंतरच्या पाच दिवसांत ते कोणासही मिळत नाही. शेवटी ते नोंदवहीतून वगळले जाते व प्रथम मागणाऱ्यास मिळते.

या अखेरच्या क्षणी स्पर्धा सेकंदाच्या अंशांची असते. त्यामुळे पूर्वमागणी घेणाऱ्या कंपन्या अनेक अधिकृत नोंदणी कंपन्यांच्या जोडण्यांवरून मध्यवर्ती नोंदवहीकडे एकसारख्या विनंत्या पाठवितात. एका नामासाठी अनेक ग्राहक असल्यास त्यांच्यात लिलाव होतो. नाम हाती आले, तरच शुल्क आकारण्याची पद्धत रूढ आहे. तथापि पूर्वमागणी ही हमी नव्हे : धारक नूतनीकरण करू शकतो, प्रतिस्पर्धी कंपनी आधी पोहोचू शकते, किंवा नाम वगळले जाण्यापूर्वीच नोंदणी कंपनी ते लिलावात विकते.

स्थानिक नामांच्या बाबतीत लिपीचा व वर्णलेखनाचा प्रश्नही उद्भवतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते व प्रत्येक रूप हे स्वतंत्र डोमेन नाम ठरते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’ वर्गामुळे देवनागरी रूपाचीही त्यांत भर पडली. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ ‘.गव्ह.इन’ या केवळ शासकीय संस्थांसाठी राखीव असलेल्या वर्गात असल्याने त्याचे नाम खुल्या बाजारात येत नाही. गोंदियातील भातगिरण्या, नागझिऱ्याजवळील निवासगृहे किंवा खाजगी शिक्षणसंस्था यांच्या ‘.कॉम’ नामांना असे संरक्षण नसते. तांदळाच्या पोत्यांवर छापलेले नाम निसटल्यास ग्राहक परक्या संकेतस्थळावर जातात. इतकेच नव्हे, तर जुन्या पत्त्यावर येणारी ई-मेल पत्रे व परवलीचा शब्द बदलण्याचे दुवेही नव्या धारकाच्या हाती पडू शकतात. मोठ्या कंपन्याही या चुकीतून सुटलेल्या नाहीत : डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका डोमेन नामाचे शुल्क थकल्याने हॉटमेल सेवेत व्यत्यय आला व एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने ३५ डॉलर भरून ते नूतनीकृत केले.

मोकळे नाम घेणे हा गुन्हा नाही. परंतु दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचा लाभ उठविण्यासाठी ते घेतल्यास दाद मागता येते. रेडिफ कंपनीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सदृश नामाच्या वापरास मनाई केली. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नामास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. ‘.इन’ वर्गातील तंट्यांसाठी स्वतंत्र लवाद पद्धती आहे. मात्र केवळ गावाच्या नावावर असा हक्क सिद्ध करणे अवघड असते.

यावर सोपा उपाय म्हणजे दीर्घ मुदतीची नोंदणी व स्वयंचलित नूतनीकरण. नोंदणी संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे असावी. सूचनांसाठी दिलेला ई-मेल पत्ता त्याच डोमेन नामावरील नसावा. कारण नाम बंद पडताच त्याविषयीची सूचनाही पोहोचेनाशी होते.